ठाणे-नवी मुंबईत भाड्याने राहायचंय? आधी कागद, मग चावी

२०१४च्या जूनमध्ये बार्शीहून ठाण्याला आलो तेव्हा कोपरीत वन-आरके घेतली होती. भाडं साडेसात हजार, डिपॉझिट चाळीस हजार. घरमालक काका अगदी सज्जन, गणपतीत घरचे मोदक आणून द्यायचे. दोन वर्षांनी घर सोडलं तेव्हा त्याच काकांनी डिपॉझिटमधले अकरा हजार कापून घेतले. "रंग गेलाय, बाथरूमचा दरवाजा फुगलाय." दरवाजा मी आलो तेव्हाच फुगलेला होता, पण ते दाखवायला माझ्याकडे ना फोटो होता ना कागदावर ओळ. करार होता शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीचा शिक्का मारलेला. एका वकील मित्राला तो दाखवला. त्याने दोन्ही बाजू उलटून बघितल्या आणि म्हणाला, "जपून ठेव, भेळ बांधायला कामाला येईल."

आज परिस्थिती अशी की कोपरखैरण्यात कर्ज काढून घेतलेला माझा वन-बीएचके मी भाड्याने दिलाय आणि स्वतः ऑफिसजवळ पडतं म्हणून ठाण्यात पाचपाखाडीला भाड्याने राहतो. म्हणजे महिन्याच्या पाच तारखेला एका हाताने भाडं घेतो, दुसऱ्या हाताने देतो. दोन्हीकडची कुरकुर कळते. पुढचं सगळं त्या अनुभवातून आणि कायद्यातून, नव्याने येणाऱ्यांसाठी.

पहिली पायरी: तुम्ही नक्की कोण, ते समजून घ्या

आपण सगळे 'भाडेकरू' म्हणतो, पण आज ठाण्यात किंवा नवी मुंबईत तुम्ही जो करार कराल त्यात तो शब्द बहुधा सापडणार नाही. तिथे असेल 'लायसन्सी', म्हणजे परवानाधारक. घरमालक 'लायसन्सर'. हा लीव्ह अँड लायसन्सचा करार. त्यात घरावर तुमचा कुठलाही हक्क निर्माण होत नाही, ठरावीक मुदतीसाठी ते वापरायची परवानगी मिळते, एवढंच. मुळात ही कल्पना १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातली, आणि आपल्याकडे तिला जोर देतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. नौपाड्यातल्या किंवा स्टेशनजवळच्या जुन्या चाळींत पागडीने (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन, मग नाममात्र भाड्यावर) राहणारे लोक हे खरे 'भाडेकरू'. त्यांचं संरक्षण वेगळं, त्यांच्या कहाण्या वेगळ्या. "आमचे मामा चाळीस वर्षं राहतायत, त्यांना कोणी हात लावू शकत नाही" हे ऐकून स्वतःबद्दल तसा समज करून घेऊ नका.

याचा व्यवहारातला अर्थ काय? मुदत संपली की घर सोडायचं. नूतनीकरण हा तुमचा हक्क नाही, दोघांच्या मर्जीचा मामला आहे. मुदत संपूनही राहिलात तर याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो आणि तुमच्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई वसूल होऊ शकते. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार उशिरा कळली. लेखी करारात जे नमूद आहे ते त्या बाबतीतला निर्णायक पुरावा मानलं जातं. "काका तोंडी म्हणाले होते" याला पुढे काडीची किंमत नाही.

आता व्हॉट्सॲपवर दर दोन-चार महिन्यांनी फिरणारा एक मेसेज: 'नवा कायदा आला, डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर घेता येणार नाही.' जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला आणि त्यात घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, हे खरं. पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. महाराष्ट्रात चालतो तो १९९९चाच कायदा आणि त्यात लीव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला अशी दोन महिन्यांची मर्यादा नाही. घरमालकासमोर तो मेसेज धरलात तर चहा मिळेल, सूट नाही.

दुसरी पायरी: घर बघण्याआधी इमारत बघा

ब्रोकर तुम्हाला दुपारी बाराला घर दाखवेल. ऊन भरपूर, वारा छान, पाणी चालू. तुम्ही संध्याकाळी सातला पुन्हा जा, एकटे, आणि वॉचमनशी दोन मिनिटं बोला. पाणी किती वेळ येतं, टँकर लागतो का, लिफ्ट किती वेळा बंद पडते, हे त्याच्याइतकं खरं कोणी सांगत नाही. घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांची उन्हाळ्यात टँकरवर भिस्त असते आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये चढतो. तो कोणी द्यायचा हे नंतर भांडणाचं कारण होतं. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे वाशी-नेरुळकडचे लोक पाण्याबाबत जरा तोऱ्यात असतात. पण खारघर, कामोठे, कळंबोली ही नवी मुंबई म्हणून ओळखली जात असली तरी महापालिका पनवेलची. तक्रार घेऊन चुकीच्या कार्यालयात चकरा मारू नका.

नवी मुंबईत स्वस्त घर शोधणारा माणूस शेवटी गावठाणात पोहोचतो. घणसोली गाव, तळवली, गोठिवली. सेक्टरातल्या वन-बीएचकेच्या भाड्यापेक्षा बरंच कमी भाडं आणि स्टेशन जवळ. इथले घरमालक बहुतेक भूमिपुत्र, जमिनी सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने) घेतलेल्या, आणि अनेक इमारतींना परवानगीचे कागद पुरते नाहीत. माणसं दिलदार असतात. मी सहा महिने राहिलो होतो. पण बऱ्याच ठिकाणी सोसायटी नसते, म्हणून तक्रार करायला सेक्रेटरी नसतो. आणि अनधिकृत ठरलेल्या इमारतीवर कारवाई आली तर डिपॉझिटसाठी तुम्हालाच धावावं लागतं. तिथे घ्यायचंच असेल तर डिपॉझिट कमीत कमी ठेवा. ठाण्यात दिवा, मुंब्रा, कळव्याच्या काही भागांतही हाच प्रश्न आहे. ४ एप्रिल २०१३ला शिळफाट्याजवळची बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली होती, त्यात भाड्याने राहणारी कितीतरी कुटुंबं होती. बिल्डिंगला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या भाषेत ओसी, आहे का हे विचारायला लाजू नका.

जुनी इमारत असेल तर आणखी एक प्रश्न. महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची. ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. ते झालंय का आणि रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत का हे सेक्रेटरीला विचारा. तुम्ही सामान लावून स्थिरावलात आणि चौथ्या महिन्यात इमारत रिकामी करायची नोटीस, असं पाचपाखाडीत माझ्या शेजाऱ्याचं झालंय.

मे महिन्यात ताजा रंग दिलेलं घर दिसलं तर खुश होण्याआधी कपाटामागची भिंत आणि छताचे कोपरे बघा. ओल रंगाखाली महिनाभर लपते, जुलैत नाही.

तिसरी पायरी: समोरचा माणूस खरंच मालक आहे का?

टोकन देण्याआधी तीन कागद मागा. इंडेक्स-टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा. सोसायटीचं अलीकडचं मेंटेनन्स बिल. आणि लाईट बिल. तिन्हींवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं पाहिजे. मालक परदेशी असेल आणि मेव्हणा व्यवहार करत असेल तर मुखत्यारपत्र बघा आणि त्यात भाड्याने देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का ते वाचा. महावितरणच्या बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक घेऊन थकबाकी ऑनलाइन बघता येते. आधीच्या भाडेकरूचं सात हजारांचं बिल माझ्या गळ्यात पडता पडता राहिलं, ते यामुळेच.

'हेवी डिपॉझिट' नावाचा प्रकार ऐकाल. आठ-दहा लाख एकरकमी द्या, भाडं शून्य, मुदत संपली की पूर्ण रक्कम परत. गणित गोड वाटतं. पण परत करायच्या दिवशी मालकाकडे दहा लाख असतील कशावरून? बहुतेक वेळा तो पुढच्या भाडेकरूचं डिपॉझिट घेऊन तुमचं फेडणार असतो. पुढचा मिळेपर्यंत तुम्ही लटकलेले. माझं मत विचाराल तर नकोच.

चौथी पायरी: पैशाचं बोलणं

ब्रोकरेज अकरा महिन्यांना एक महिन्याचं भाडं, ही इकडची रूढ पद्धत. कायद्याने ठरवलेला दर नाही, त्यामुळे घासाघीस चालते. नूतनीकरणाच्या वेळी तोच ब्रोकर पंधरा दिवसांचं भाडं मागायला येतो. त्याने त्या वेळी काही काम केलं नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.

डिपॉझिट दोन ते चार महिन्यांच्या भाड्याइतकं साधारण मागतात, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये जास्त. भाडं आणि डिपॉझिट दोन्ही बँकेतून द्या. रोख द्यावंच लागलं तर सही केलेली पावती घ्या. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल आणि एचआरए (घरभाडे भत्त्यावरची करसूट) दाखवायचा असेल तर ऑफिसला घरमालकाचा पॅन लागतो. काही मालक इथेच अंग चोरतात. त्यांचा पॅन न मिळण्याचं कारण ओळखा आणि पुढचं घर बघा. भाडं महिना पन्नास हजारांच्या वर असेल तर त्यातून दोन टक्के टीडीएस (आयकर) कापून सरकारकडे भरायची जबाबदारी तुमची, मालकाची नव्हे.

प्रॉपर्टी टॅक्स मालकाचा. लाईट आणि पाइप गॅसचं बिल राहणाऱ्याचं. मेंटेनन्स बहुधा मालकाचा, पण 'बहुधा' या शब्दावर राहू नका, करारात लिहा. भाडं 'मेंटेनन्ससकट' की 'मेंटेनन्स वेगळा' या एका शब्दावर महिन्याला तीन-चार हजारांचा फरक पडतो.

पाचवी पायरी: करारात काय लिहायचं

इथे थांबून नीट वाचा, कारण अख्खी मारामारी पुढे याच चार पानांवर होते. ब्रोकरकडे एक ठराविक मसुदा असतो, नावं आणि आकडे बदलून तोच सगळ्यांना. तो सहीच्या दोन दिवस आधी मागून घ्या. "सर, सगळे हाच करतात" असं तो म्हणेल. म्हणू दे.

लॉक-इन आधी बघा. सहा महिन्यांचा लॉक-इन म्हणजे सहा महिन्यांच्या आत सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यावं लागेल. तो दोघांनाही लागू आहे का, हे वाचा. मी एक मसुदा पाहिलाय, त्यात लॉक-इन फक्त भाडेकरूला होता आणि मालक मात्र महिन्याच्या नोटिशीवर कधीही काढू शकत होता. नोकरीत बदलीची शक्यता असेल तर 'बदलीचं पत्र दाखवल्यास लॉक-इन लागू नाही' अशी ओळ घालून घ्या. निम्मे मालक मान्य करतात. मी केलं.

नोटीस किती, एक महिना की दोन, आणि ती कशी द्यायची? 'व्हॉट्सॲप किंवा ईमेलने दिलेली नोटीस ग्राह्य' असं लिहिलं तर पुढची कटकट वाचते.

डिपॉझिट परत कधी? कायद्यात याला ठरावीक दिवस नाहीत. म्हणून करारात शब्द असावेत: 'ताबा परत दिल्याच्या दिवशी, त्याच वेळी'. 'पंधरा दिवसांत' किंवा 'नवा भाडेकरू मिळाल्यावर' नको. आणि काय कापता येईल तेही लिहा: थकलेलं भाडं, थकलेली बिलं, आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून झालेलं नुकसान. 'रंगाचे पैसे' हा इकडचा हट्टी रिवाज आहे. मालक सोडत नसेल तर आकडाच ठरवून टाका, दहा हजार तर दहा हजार. अनिश्चित कात्रीपेक्षा ठरलेली कात्री बरी.

दुरुस्ती हे वादाचं माहेरघर. आम्ही माझ्या भाडेकरूसोबत असं लिहिलंय: नळाचा वॉशर, बल्ब, पंख्याचा कपॅसिटर अशी हजार रुपयांपर्यंतची किरकोळ कामं राहणाऱ्याची. गीझर जळणं, आतली वायरिंग, फ्लशची टाकी, गळती हे मालकाचं. कळवल्यापासून सात दिवसांत मालकाने केलं नाही तर राहणाऱ्याने करून बिल दाखवावं, भाड्यातून वजा होईल. ही शेवटची ओळ लिहायला मी मालक म्हणून कां-कूं केली होती, बायकोने ऐकलं नाही.

आणखी एक ओळ कोणी घालत नाही. घर विकलं तर काय? लायसन्स हा त्या मालकाने दिलेला परवाना असतो, नवा मालक त्याने आपोआप बांधला जात नाही. म्हणून 'मुदतीत घर विकल्यास खरेदीदाराला हा करार कळवून त्याची मान्यता घेण्याची, किंवा दोन महिन्यांची नोटीस देऊन पूर्ण डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी लायसन्सरची' असं लिहून घ्या. विमानतळ आल्यापासून उलवे-पनवेलकडे घरं पटापट हात बदलतायत, तिथे तर हे हवंच.

मालकाने घरात कधी यायचं हेही लिहा. आदल्या दिवशी कळवून, दिवसा. दुसरी चावी मालकाकडे राहणार असेल तर ती कधी वापरायची तेही. माझ्या बहिणीच्या घरी ऐरोलीत काकू 'झाडाला पाणी घालायला' म्हणून कुलूप उघडून येत. झाडं जगली, करार नाही.

शेवटी फिटिंग्जची यादी. किती पंखे, किती ट्यूब, गीझर कुठल्या कंपनीचा, कपाटाच्या किती चाव्या. करारालाच जोडा.

सहावी पायरी: नोंदणी. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

"अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर करायची गरज नाही" हे वाक्य तुम्हाला शिकलेले लोकही सांगतील. इतर राज्यांत ते चालत असेल. १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, अकरा महिन्यांची पळवाट तिथून आली. पण महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं की लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नसेल केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. भेळेच्या कागदाने तुमचंच जास्त नुकसान होतं.

खर्च किती? स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के. ती मोजतात मुदतीतलं एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. समजा भाडं २२,०००, मुदत ११ महिने, डिपॉझिट ७५,०००. भाडं झालं २,४२,०००. डिपॉझिटचं व्याज ६,८७५. बेरीज २,४८,८७५ आणि त्याचा पाव टक्का म्हणजे सव्वासहाशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. वर दस्त हाताळणीचं थोडं शुल्क आणि घरी येणाऱ्या एजंटची फी. ब्रोकर चार-पाच हजार 'ॲग्रीमेंटचे' सांगतो तेव्हा हे गणित डोक्यात असू द्या. रिवाजाने दोघं निम्मं-निम्मं देतात.

आता दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावायची गरज नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्ट्रेशन होतं. आधार, पॅन, मोबाईल, दोन साक्षीदार, अंगठा आणि वेबकॅमवर फोटो. अधिकृत सेवा देणारा माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. दोघे वेगवेगळ्या गावी असले तरी चालतं, माझा अंगठा कोपरखैरण्यात झाला, भाडेकरूचा पुण्यात. अंगठा देण्याआधी पडद्यावरचा मसुदा पुन्हा वाचा, ठरलेल्या ओळी त्यात शिरल्या आहेत का बघा. नंतर नोंदवलेला दस्त आणि इंडेक्स-टू दोघांनी आपापल्या मेलवर ठेवा. करार २४ किंवा ३६ महिन्यांचाही करता येतो, दरवर्षी भाडं किती वाढणार हे त्यातच लिहून. सामान हलवायचा कंटाळा असेल तर हा उत्तम पर्याय, फक्त लॉक-इन आटोक्यात ठेवा.

सातवी पायरी: पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची ती घरमालकाने. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात देता येतो. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं. खारघर, पनवेल, उरण नवी मुंबई आयुक्तालयात येतात. माहिती न दिल्याबद्दल मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. तुमचं काम एवढंच की आधार, फोटो, नोकरीचं पत्र वेळेत द्यायचं.

सोसायटीचा मामला जास्त नाजूक. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, नोंदवलेल्या कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. पण प्रत्यक्षात चेअरमनसाहेब 'एनओसी' म्हणतात, मुलाखत घेतात, 'बॅचलर नको' म्हणतात. एकट्या मुलामुलींना ठाण्यात काय आणि वाशीत काय, या भिंतीवर डोकं आपटावं लागतं. तत्त्वाची लढाई लढायची तर लढा, उपविधी तुमच्या बाजूने आहेत. पण ती लढायची मालकाने, कारण सभासद तो. म्हणून टोकन देण्याआधी मालकाला सांगा, सोसायटीचं काय ते आधी बघून सांगा, नाही म्हणाले तर टोकन परत. हे मेसेजवर घ्या.

भाड्याने दिलेल्या घरावर, मालक स्वतः राहत नाही म्हणून, सोसायटी त्याला बिनभोगवटा शुल्क लावते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१च्या आदेशाने ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, आणि सेवा शुल्कात पालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवा शुल्क दोन हजार असेल तर जास्तीत जास्त दोनशे. भाडेकरूकडून परस्पर 'शिफ्टिंग चार्ज', 'लिफ्ट चार्ज' म्हणून हजारो रुपये मागितले तर पावती मागा. पावती मागितली की आकडा आपोआप खाली येतो, हा माझा अनुभव. नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या इमारतींत सोसायटीऐवजी अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असते, तिचे नियम आधी विचारून घ्या.

आठवी पायरी: चावी घेताना

सामान चढवण्याआधी रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा. प्रत्येक भिंत, छत, नळ, दरवाज्याची खालची कड, टॉयलेटची टाकी चालवून. लाईट मीटर आणि गॅस मीटरच्या रीडिंगचा फोटो. त्याच दिवशी मालकाला पाठवा, खाली एक ओळ: 'आज ताबा घेतला, अवस्था अशी.' दहा मिनिटांचं काम आहे. मला ते न केल्याचे अकरा हजार पडले.

नववी पायरी: राहताना

भाडं तारखेला. उशीर होणार असेल तर आधी फोन. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवू नका, घरात क्लास किंवा धंदा सुरू करू नका, भिंतीत ड्रिल मारू नका. पार्किंग करारात नसेल तर गाडी मोकळ्या जागेत लावण्यावर हक्क सांगू नका. नवी मुंबईत पार्किंगवरून होणारी भांडणं पाण्यावरच्या भांडणांना मागे टाकतात.

पावसाळ्यातली गळती ओळखायला शिका. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीची. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून येत असेल तर वरच्या घराची. दोन्ही बाबतीत पत्र मालकाने लिहायचं, पण फोटो आणि तारखा तुम्ही पुरवायच्या. मालकाला फोन करा आणि मग तेच मेसेजवर लिहा. फोन विसरला जातो.

आणि वाद झाला म्हणून मालकाने लाईट-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं? हे कायदा हातात घेणं आहे. तुमची मुदत संपली असली तरी घर रिकामं करून घ्यायचा रस्ता सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशातून जातो, दोन धट्ट्याकट्ट्या पोरांतून नाही. तसं घडत असेल तर ११२ वर फोन करा आणि करार दाखवा. उलट, मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला आणि तुम्हाला समन्स आलं, तर तीस दिवसांच्या आत शपथपत्रासह बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. समन्स फ्रिजवर चिकटवून ठेवायची वस्तू नाही.

मालक मंडळींना इथेच सांगतो, कारण मी तुमच्यातलाही आहे. तुमच्याकडे नोंदवलेला, मुदतीतला करार असेल तर हा रस्ता बऱ्यापैकी सरळ आहे. करार संपून आठ महिने झालेत, भाडं रोख घेताय, पोलिसांना कळवलेलं नाही, तर तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःचा खटला बिघडवलाय. मुदत संपायच्या दोन महिने आधी फोनमध्ये आठवण लावा. आणि जरा नम्रपणेही वागा. नवी मुंबईतली बहुतेक जमीन सिडकोने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली, म्हणजे तिकडचे आपण मालकही तसे भाडेकरूच.

दहावी पायरी: सोडताना

नोटीस लेखी द्या, तारीख टाकून. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं न देता 'डिपॉझिटमधून वळतं करून घ्या' असं पुष्कळ जण करतात. मालकाच्या नियतीची शंका असेल तर मोह होतो, मलाही झाला होता. पण एकतर्फी केलंत तर करारभंग तुमचा. हेच बोलून, मेसेजवर त्याचा होकार घेऊन केलं तर दोघांच्याही सोयीचं.

महिना आधी मालकाला घर बघायला बोलवा आणि काय कापायचंय ते तेव्हाच विचारा. दुरुस्ती तुमच्याकडची असेल तर तुमचा प्लंबर, तुमच्या भावात करून घ्या. मालकाचा रंगारी नेहमीच महाग असतो. शेवटच्या दिवशी पुन्हा तोच व्हिडिओ, पुन्हा मीटरचे फोटो. महानगर गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणून रीडिंगवरून अंदाजे रक्कम काढून तिथेच चुकती करा. चावी एका हाताने, डिपॉझिटचं ट्रान्सफर दुसऱ्या हाताने, आणि 'ताबा मिळाला, काही येणं-देणं बाकी नाही' अशी दोन ओळींची सही केलेली चिठ्ठी.

डिपॉझिट अडवलं तर? आधी ईमेलवर हिशेब मागा, कुठल्या कामाचे किती, बिलासकट. मग वकिलाची नोटीस. बरेच वाद या पत्रावरच मिटतात, कारण मालकालाही कोर्टाची हौस नसते. नाहीच मिटलं तर दिवाणी दावा आहे, पण त्याआधी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीच्या तडजोडीसाठी अर्ज करून बघा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पनवेल तालुका रायगड जिल्ह्यात येतो, त्यामुळे खारघर-कामोठ्यातल्या घरासाठी पत्ता अलिबागचा.

निघताना दारावरची नावाची पाटी काढा, बँकेत, ऑफिसात आणि आधारवर पत्ता बदला आणि वॉचमनकडे नवा नंबर देऊन ठेवा. माझं एक क्रेडिट कार्ड कोपरीच्या त्या वन-आरकेत तीन महिने पडून होतं. ते आणायला गेलो तेव्हा काकूंनी थालीपीठ खायला घातलं. दरवाजा अजून फुगलेलाच होता.